चिऱ्यांवरची गाडी

परवा नातवाने गाडीला टायर घेतले. जेवता जेवता घेतले. डाव्या हाताने मोबाईलवर तीन-चार वेळा बोट आपटलं, उजव्या हाताने आमटीभात चालूच, आणि म्हणाला, "झालं आजी, उद्या येतील."

"कुणाला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? साडेचार स्टार आहेत."

मी गप्प बसले. आजकाल मी बऱ्याच वेळा गप्प बसते, त्याला घरात समजूतदारपणा म्हणतात. पण मला आमचे मालक आठवले. मालकांनी त्या पाचांतला अर्धा स्टार कुणी खाल्ला आणि का खाल्ला, ह्याची चौकशी केल्याशिवाय आमटीत हात घातला नसता.

मालक म्हणजे आमचे घरमालक. पनवेलात आमची जुनी सोसायटी पाडून नवी बांधायला घेतली, तेव्हा मी आणि हे त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. दोन वर्षांत घर देतो असं बिल्डर म्हणाला होता, म्हणजे किती ते तुम्ही समजून घ्या. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची नादान मुलगी होते. नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. सारा जन्म लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून बघण्यात गेल्यामुळे माणसाच्या आरपार आपल्याला दिसतं, अशी माझी पक्की समजूत होती. चष्मा मात्र मी घराबाहेर लावत नसे, वय दिसतं म्हणून. तेव्हा आरपार दिसायचं, पण समोरची पायरी दिसायची नाही.

मालक साठीचे, आगरी. वाडवडिलांची मिठागरं उरणच्या बाजूला, खाडीकाठी. ती बंदरासाठी सरकारने घेतली आणि तिथे कंटेनर उभे राहिले. त्यांच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर मालकांनी चार मजले चढवून इमारतीला आईचं नाव दिलं होतं. अंगात पांढरा गंजीफ्राक, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, गळ्यात करंगळीएवढी जाड साखळी आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. एक काळी, एक तपकिरी. मला वाटलं, बिचाऱ्यांना रंग कळत नसावेत. नंतर समजलं, घरात तशीच आणखी एक जोडी होती, उरलेल्या दोघींची.

"देवलाच्या बाहेरशी चोर जोडी उचलतो, बाय," ते म्हणाले. "ही जोडीच नाय. तो नेल काय?"

एवढा संशय आला कुठून? लोक म्हणत, जमिनीच्या कागदांवरून आला. मला नाही तसं वाटत. त्यांची म्हातारी आई तेव्हा हयात होती, गॅलरीत बसून पावट्याच्या शेंगा सोलायची. तिने मला सांगितलं, "यो जल्मला ना, तवा पयला येकच डोला उघडला. सगल्यांना नीट बगून घेतला. मंग दुसरा."

घर भाड्याने देताना त्यांनी आमचा पगार विचारला नाही, की गावही विचारलं नाही. ह्यांना गॅलरीत नेलं, मला स्वयंपाकघरात, आणि दोघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. "घरात भांडन झाला, का मंग पयला कोन बोलतो?" ह्यांनी सांगितलं, ही. मी सांगितलं, मी. उत्तरं जुळली, म्हणून घर मिळालं.

मासळी बाजारात पापलेटचा कल्ला उघडून बघणारे पुष्कळ असतात. मालक कल्ला बघत आणि मग कोळिणीच्या तोंडाकडे बघत. कल्ला लाल असेल तर मासा ताजा, तोंड लाल झालं तर शिळा, असा त्यांचा हिशेब. कोळिणी त्यांना लांबून बघून टोपलीवर फडकं टाकत. "आयला गो आयला, सीआयडी आयला." मालकांना ते ऐकू जायचं आणि आवडायचंही.

कुठलीही गोष्ट ठरवायची त्यांची एक रीत होती. तीन माणसांना विचारायचं, पण एकत्र कधी नाही. तिघांनाही खोटं बोलायची पुरती संधी द्यायची. मग चौथ्याला गाठायचं. चौथा मी असे, कारण मी बँकेतली आणि मला इंग्रजी वाचता येतं. नळाला कुठली तोटी लावावी इथपासून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही इथपर्यंत मी चौथी होते. मला त्याचा केवढा अभिमान. पहिले तीन कोण, हे मी कधी विचारलं नाही. पुढे कळलं, त्यांत इस्त्रीवाला असे.

त्यांना एकच मुलगी, रसिका. पुण्याकडे कंपनीत इंजिनियर. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार घरी. नाकीडोळी वडिलांसारखीच, आणि समोरचा बोलत असताना मान जराशी तिरकी करायची सवयही त्यांचीच. तिने स्वतःच्या पगारावर स्पोर्ट्स कार घेतली. खारघरच्या कुणा बिल्डरच्या मुलाला कंटाळा आलेली, दोन दारांची, खंड्या पक्ष्याच्या पाठीसारखी निळी. इतकी बसकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. मी एकदा बसले. बाहेर काढायला ह्यांना आणि इस्त्रीवाल्याला बोलवावं लागलं.

मालकांचा गाडीला विरोध नव्हता, विरोध घाटाला होता. आदल्याच पावसाळ्यात त्यांच्या भावाचा मुलगा घाटात बाईकवरून घसरला होता आणि परत आला नव्हता. तेव्हापासून मालकांच्या तोंडी घाट हा शब्द नसे. "वरती" म्हणायचे. "वरती पाऊस हाय का बगा, बाय." आणि रसिका दर सोमवारी सकाळी त्या वरतूनच जायची.

जूनच्या सुरुवातीला तिने जाहीर केलं, गाडीचे चारही टायर गोटा झालेत, नक्षी म्हणून उरली नाही, बदलायला हवेत. साधे नकोत. ओल्या रस्त्यावर पकड धरणारे, मऊ रबराचे, परफॉर्मन्स टायर. तोवर ती बसने जाईल, पण गणपतीपर्यंत गाडी हवी.

"मी बगतो," मालक म्हणाले.

तुम्ही मालकांना ओळखत असता, तर हे दोन शब्द ऐकून तुम्हीच टायर आणायला धावला असता.

त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की रसिका सोमवारी बसने गेल्यावर मंगळवारी गाडीचे चारही टायर उतरवले आणि टेम्पोत घालून उरणजवळच्या मोरा बंदराला पाठवले. मोऱ्याला त्यांची सासुरवाडी. मेव्हण्याची मच्छीमार बोट. धक्क्याला लागताना बोट आपटू नये म्हणून तिच्या कडेला जुने टायर बांधतात, तिथे ते चारही गेले. आतल्या अलॉयच्या चकत्या मालकांनी आपल्या पलंगाखाली सरकवल्या. गाडी उरली चार चिऱ्यांवर, वर निळी ताडपत्री.

शनिवारी रसिका आली. ताडपत्री उचलून बघितली.

"पप्पा, टायर कुठायत?"

"मामाच्या बोटीला."

"नवे आणायच्या आधी जुने काढलेत?"

"जुने व्हते तं तू गेली असतीस त्यांच्यावर."

रसिकाने मान तिरकी केली. मालकांनीही केली. बापलेक असे समोरासमोर तिरके उभे, आणि मी जिन्यातून बघतेय. मला वाटलं, इथे काहीतरी शिजतंय. माझी सह्यांवरची नजर चाळवली.

मग टायरांचा शोध सुरू झाला. रोज संध्याकाळी मालक माझ्याकडे येत आणि मी त्यांना कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवत असे. मला टायरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचत असे असा आव आणून की जणू गाड्यांच्या शर्यतीतूनच निवृत्त झालेय. मऊ रबर रस्त्याला चिकटून धरतं, पण लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण ओल्यात सटकतं. हे मी त्यांना अर्धा तास घोळून समजावलं.

मालक बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत राहिले. "म्हंजी चांगला असतो तो लवकर जातो."

"तसंच काही नाही," मी म्हणाले आणि घाईघाईने पुढचं पान उघडलं.

लोकांचे अभिप्राय वाचले की ते अस्वस्थ व्हायचे.

"यो कोन बोलतो?"

"बेंगळुरूचा कुणी आहे. म्हणतो, भर पावसात ब्रेक मारला तरी गाडी हलली नाही."

"तो माज्या पोरीला वलखतो?"

"नाही."

"मंग त्याला काय पडलीय?"

दुकानात टायर बघायची त्यांची पद्धत मी एकदा बरोबर जाऊन पाहिली. आधी वास घ्यायचे, सुक्या मासळीचा घेतात तसा लांबून. मग अंगठ्याचं नख रबरात रुतवायचे. मग कडेला छापलेला बनावटीचा आठवडा आणि साल बघायचे, कारण दुकानात पडून पडून रबर मरतं. इथवर ठीक. पण सगळं जुळत आलं, दुकानदार बिल करायला वळला, की मालकांना काहीतरी खुपायचं. एकदा टायरवरचे रबराचे बारीक केस मोजून कमी वाटले. एकदा दुकानदार जरा जास्त हसला.

आषाढ गेला, श्रावण लागला. गाडी चिऱ्यांवर. ताडपत्रीवर पाण्याचं तळं साचलं आणि तिच्याखाली मांजरीने पिल्लं घातली. रसिका दर सोमवारी बॅग खांद्याला मारून बसस्टॉपवर. आणि मालक रोज दुपारी जेवून झाल्यावर एक फुगलेली कापडी पिशवी घेऊन कुठेतरी जात. येताना पिशवी रिकामी.

मला दुसरं काही काम नव्हतं, त्यामुळे मी तर्क केले. पहिला तर्क, दुकानदारांकडून कमिशन. दुसरा, गाडीचे भाग एकेक करून विकताहेत, आधी टायर, आता पिशवीतून इंजिन. तिसरा तर्क बाईचा होता. तो मी ह्यांना सांगितला तेव्हा ह्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, "त्या चपला घालून?"

"पुरुषांच्या चपलांकडे कोण बघतं?"

"तू झोप बघू जरा."

मी झोपले नाही. दुसऱ्या दुपारी डोक्याला स्कार्फ गुंडाळला, ह्यांचा काळा गॉगल लावला, आधीच दिसत नव्हतं त्यात तो गॉगल, आणि रिक्षात बसून म्हणाले, "त्या समोरच्या रिक्षाच्या मागे चला."

रिक्षावाला म्हणाला, "मालकांच्या मागे ना मॅडम? कळंबोलीला जातात ते. शॉर्टकटने नेऊ का, आधी पोचाल."

मी त्याला उत्तर दिलं नाही. गुप्तहेराने बोलायचं नसतं.

कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या रस्त्याला टायरांची दुकानं आहेत. त्यातल्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात मालक शिरले. मी बाहेर, उघड्या राहिलेल्या दाराशेजारी, ट्रकच्या टायरांच्या थप्पीमागे उभी राहिले. जुन्या टायरात पावसाचं पाणी साचतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी टेकले, वरचा टायर कलंडला, आणि आठवडाभराचं पाणी डासांच्या अळ्यांसकट माझ्या पाठीवर आलं. तरी मी जागची हलले नाही. एवढी मी कर्तव्यदक्ष होते.

आत मालकांनी पिशवी उघडली. सुके बोंबील निघाले. मोऱ्याचे, चांगले वाळवलेले. ते त्यांनी दुकानदाराच्या टेबलावर ठेवले.

"पोरगी शनवारी येल," मालक म्हणाले. "तिला बोलायचा, यो साईज बंद झाला."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "मालक, असं तुम्ही तिन्ही दुकानांत सांगून ठेवलंय. खांदेश्वरवाला मला फोन करून हसतो. माझ्या मागच्या रॅकवर तुमच्या साईजचे चार पडलेत. विकू दे की."

"गनपतीपर्यंत कड काढ."

"आणि गणपतीनंतर?"

"मंग नवरात."

"आणि नंतर?"

"मंग पाऊस जातो," मालक म्हणाले. "पाऊस गेला का मंग तू दे. मंग मी काय बोलनार नाय."

दुकानदाराने बोंबील उचलून खणात ठेवले.

मी थप्पीमागे भिजून उभी. कोळिणीच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखणारा, चपलांच्या जोड्या फोडणारा हा माणूस, ह्याने पनवेलपासून कळंबोलीपर्यंत खोटं बोलणाऱ्यांची साखळी उभी केली होती. आणि बोंबलांवर. मी बँकेत असते तर असला माणूस पकडल्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली असती. इथे पाठीवर अळ्या होत्या.

तेवढ्यात मला शिंक आली.

मालक बाहेर आले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, स्कार्फ, गॉगल, काळं पडलेलं पातळ. एका शब्दाने विचारलं नाही की तुम्ही इथे कशा. म्हणाले, "रिक्षा थांबवून ठेवलीय ना? मना पन सोडा."

आम्ही एकाच रिक्षातून परत आलो. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता आणि मी आरशाकडे बघत नव्हते. कळंबोलीचा उड्डाणपूल उतरल्यावर मालकांनी विचारलं.

"सांगनार काय?"

"कुणाला?"

"पोरीला."

मी ताठ बसून म्हणाले, "मला खोटं बोलता येत नाही."

"नका बोलू. गप बसा."

मग बाहेर बघत म्हणाले, "भावाचा पोरगा सांगून गेला व्हता. काका, टायर नवा हाय. मी बोल्लो, बरा हाय, जा. मी बगितला पन नाय, बाय. वाकून बगितलापन नाय."

मी त्यांना काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बोंबील छान होते." अशी मी तेव्हा होते.

त्या शनिवारी संध्याकाळी रसिका माझ्याकडे आली. हातात चहाचा कप दिला तर तो तसाच धरून उभी.

"मावशी, तुम्ही एवढं सगळं वाचता. हा साईज खरंच बंद झालाय?"

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. पण गप्प बसायला सराव लागतो, तो मला पुढे झाला, तेव्हा नव्हता. मी म्हणाले, "साईजचं काय असतं, की साईज हा तसा... कंपनी आणि पाऊस ह्यांच्यावर..."

रसिकाने मान तिरकी केली. मी थांबले.

"तीन दुकानांत गेले मी," ती म्हणाली. "तिघंही एकच वाक्य बोलले. 'यो साईज बंद झाला, ताई.' त्यातला एक मारवाडी आहे, मावशी. तो 'यो' कधीपासून म्हणायला लागला? आणि एसीतल्या दुकानात बोंबलांचा वास."

"मग तू त्यांना बोलली नाहीस काही?"

"काय बोलू?" तिने कप टेबलावर ठेवला. "मला भीती वाटत नाही असं नाही. तो माझा भाऊ होता. पण बसने गेले तरी घाट तोच ना. पप्पांना वाटतं, टायर नाहीत म्हणजे घाट नाही." जराशाने म्हणाली, "मी त्यांच्याशी भांडले तर ते हरतील. मला ते हरायला नकोत."

पुढच्या शनिवारी दुपारी ती आली ती टेम्पोतूनच. पुण्याहून चार नवे टायर घेऊन. टेम्पोवाल्याने ते गाडीशेजारी एकेक करून उतरवले. मालक दारात उभे होते.

रसिका म्हणाली, "पप्पा, मी घेतलेत. पण मला टायरातलं कळत नाही. तुम्ही बघा. खोट निघाली तर परत करते. शपथ."

पॅसेजमध्ये एव्हाना सगळे भाडेकरू जमले होते, म्हातारी खुर्चीसकट खाली आणली गेली होती. मालकांनी चपला काढल्या, दोन्ही रंगांच्या. जमिनीवर मांडी घातली आणि पहिला टायर मांडीवर घेतला.

वास घेतला. नख रुतवलं. कान लावून टिचकी मारली. आठवडा आणि साल बघितलं, मला बोलावून पुन्हा वाचायला लावलं. टायर कुठल्या बाजूने फिरायचा तो बाण शोधला. आतल्या बाजूने तळहात फिरवला, जसा बाळाला तेल लावताना फिरवतात. मग दुसरा घेतला, मग तिसरा. मी असंख्य वेळा त्यांना खोट काढताना पाहिलं होतं. ते शोधत नसत, खोट आपणहून त्यांच्या हाताला लागायची. त्या दिवशी ते शोधत होते. चौथ्या टायरवर तर त्यांनी चष्मा मागवला, आणि तो लावूनही उगाच बोट एकाच खाचेतून फिरवत राहिले. कुणी हसलं नाही. रसिका समोर उकिडवी बसली होती आणि मलाच वाटायला लागलं, असावी एखादी भेग, एखादा फुगा, काहीतरी.

"काय, पप्पा?"

"बरा हाय," मालक म्हणाले.

म्हातारी म्हणाली, "नीट बग."

"बगितला, आये. चांगला हाय. चारीपन चांगले हायेत."

इतक्या पडलेल्या आवाजात मी त्यांना कधी कुणाचं वाईट सांगतानाही ऐकलं नव्हतं. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, घरात गेले. थोड्या वेळाने पलंगाखालून अलॉयच्या चकत्या फरशीवरून ओढल्याचा आवाज आला.

सोमवारी सकाळी रसिका निघाली. पाऊस जरा थांबलेला. वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, चारही टायरांखाली लिंबं ठेवली. मालकांची कुरकुर, आंबट रबराला बाधतं. तरी लिंबं चिरडली गेली. पाइपलाइनसाठी नगरपालिकेने गेटसमोर खणून ठेवलं होतं, तिथे मऊ चिखल होता. त्यावरून गाडी बाहेर पडली तेव्हा नव्या टायरांची नक्षी चिखलात लांबवर उमटली. मधला काटा आणि दोन्ही बाजूंनी तिरक्या खाचा, पापलेट खाऊन झाल्यावर ताटात सांगाडा उरतो तशी.

गाडी वळणाआड गेली. वहिनी खराटा घेऊन गेटकडे निघाल्या.

"हात नको लावूस," मालक म्हणाले.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की लगेच केर काढायचा नाही, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. पण ते घरातल्या केराचं. मालकांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणून चिखलातल्या त्या खुणेशेजारी टाकली आणि बसले. दूधवाल्याला वळसा घालून जायला लावलं. तिसऱ्या मजल्यावरच्याची स्कूटर गेटाच्या आतच थांबली. हे भाजी आणायला निघाले, तर ह्यांना भिंतीला घासून एकेक पाय उचलत बाहेर पडावं लागलं. लोक चिडले, मग कारण कळलं तसे गप्प झाले.

मी ठरवून खाली उतरले, की त्यांना सांगावं, ही अंधश्रद्धा आहे. मी तशी पुरोगामी होते. पण पोचेपर्यंत भुरभुर सुरू झाली. मालक उठले, घरातून मोठी काळी छत्री आणली, उघडली, आणि खुणेवर धरली. स्वतः बाहेर, गंजीफ्राक भिजतोय, आणि छत्री चिखलावर.

मी वर गेले आणि माझी छत्री घेऊन आले. दुसऱ्या चाकाची खूण उघडी होती.

आम्ही तसे उभे राहिलो. ते काही बोलले नाहीत, आणि मी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, बोलले नाही. गेटबाहेर एक रिक्षा येऊन थांबली आणि काही न विचारता मागे फिरली. वहिनी दारात खराटा धरून होत्या. मालकांचा फोन वाजला तेव्हा तो खिशातून काढायला त्यांचा हात वळेना, छत्री कुठल्या हातात धरायची ते सुचेना.

"पोचले, पप्पा," रसिकाचा आवाज फोनबाहेरही ऐकू आला.

"वरती पाऊस व्हता?"

"खूप होता."

"टायर?"

"हललेसुद्धा नाहीत."

मालकांनी फोन ठेवला आणि छत्री बाजूला घेतली. पाऊस खाचांतून भरत गेला. वहिनींनी खराटा चालवायला घेतला.

ते मग दर सोमवारी झालं. गणपती, नवरात्र. इमारतीतल्या सगळ्यांनी सोमवारची कामं त्या फोननंतर ठेवायला सुरुवात केली. इस्त्रीवालाही उशिराच यायचा. दिवाळीनंतर चिखल वाळला, नगरपालिकेने खड्डा बुजवला, आणि मला वाटलं, आता हे थांबेल. खुणा उमटायला काही उरलंच नव्हतं.

एका सोमवारी उजाडता उजाडता मला खालून पाण्याचा आवाज आला. गॅलरीतून बघितलं. मालक गेटपाशी कुंडीतली माती पसरून तिच्यावर बादलीने पाणी ओतत होते आणि पायाने ती सारखी करत होते. मधेच थांबून त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मग जिन्याकडे, कुणी बघत नाही ना म्हणून, आणि मान हळूहळू वर, आमच्या मजल्याकडे वळवायला लागले.

मी आत सरकले आणि गॅलरीचं दार आवाज न करता लावून घेतलं.